परत तीच निळी स्क्रीन

झालं, परत निळी स्क्रीन! जीएसटी रिटर्न अर्धा भरलेला आणि पीसी आपला रीस्टार्ट. दुकानवाल्याचं उत्तर ठरलेलं, "फॉरमॅट मारू सर", अरे बाबा फॉरमॅट मारून झालंय की, रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं तर एकही एरर नाही, रॅमच्या पट्ट्या खोडरबरनं घासल्या, प्रोसेसरवरची उष्णता कूलरकडे नेणारी, पण वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवीन लावली, तरी जैसे थे. शेवटी कॅबिनेट उघडून टॉर्च मारला तर प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर, म्हणजे त्याचं व्होल्टेज स्थिर ठेवणारे ते छोटे डबे, टम्म फुगलेले, एकाच्या डोक्यावर तपकिरी चिकटा! मग लोड आला की व्होल्टेज डगमगणार नाहीतर काय. आणि हे त्या फॉरमॅटवाल्याला एकदाही दिसू नये? आता म्हणतो मदरबोर्डच बदला, पण माझा प्रोसेसर बसेल अशा या जुन्या सॉकेटचा बोर्ड मिळणार तो सेकंडहँड, म्हणजे त्याचेही कपॅसिटर तेवढेच म्हातारे!