सातवी 'ब'साठी संशयाचा तास

मुलांना विचार करायला शिकवण्यात वेळ घालवू नका, पोर्शन राहून जाईल. त्यापेक्षा संशय घ्यायला शिकवा. एक तास पुरतो.

साहित्य फार लागत नाही: न सापडणारी एक कंपासपेटी आणि यंदाच शाळेत आलेला, बोली जरा वेगळी असलेला मुलगा. त्याचं नाव घेऊ नका. "मधल्या सुट्टीत वर्गात कोण होतं?" एवढं विचारा आणि त्याच्या बाकाकडे बघा. पुढचं वर्ग बघून घेतो. चौघांनी एकच गोष्ट सांगितली की चार साक्षीदार झाले. चौघांनीही ती एकाच पोराकडून ऐकली होती, हे खोदायचं नाही. "पाहिलंस की ऐकलंस?" हा प्रश्न तर वर्गात येऊच देऊ नका. सगळी मेहनत वाया जाते.

मग आरोपीला उभं करा. गप्प राहिला तर अपराधी, रडला तर नाटकी, चिडला तर चोराच्या उलट्या बोंबा. निकाल हात वर करून घ्या, चिठ्ठ्या टाकून अजिबात नको. चिठ्ठीत पोरं खरं लिहितात. उघड मतदानात मात्र पाच-सहा हात वर गेले की बाकीचे आपोआप जातात, कारण हात खाली ठेवणाऱ्यावर पुढचा संशय येतो. दुसऱ्या दिवशी पेटी मालकिणीच्या घरीच सापडली, तर "घाबरून त्यानेच पोचवली" म्हणा.

गृहपाठ: 'मुलं पळवणारी टोळी' हा मेसेज तयार करणे. तारीख नको, गाव नको. 'आपल्या भागात' पुरे. 'पोलिसांनीच सांगितलंय' हवंच. व्हिडिओ असल्यास शेवट कापावा. 2018 मध्ये देशभर फिरलेला व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीचा होता. मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, नेमका तेवढाच भाग कुणीतरी उडवला होता.

त्याच वर्षी 1 जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार होता. तिथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे ठरवून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. भटके, परगावचे, ओळख सांगणारं कुणी नाही. वर्गातला मुलगा निवडताना हेच निकष लावा.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. नाउमेद होऊ नका. दोनशे-दोनशे पालकांचे पाच ग्रुप गाठलेत, तरी शाळा सुटायच्या आत हजार घरांच्या कड्या लागतात.