भाडेकरूंनी मेट्रोचं स्वागत कसं करावं

मेट्रो येणार म्हणून मासिक पास कुठे मिळतो याची चौकशी करत असाल, तर थांबा. तुम्ही भाडेकरू आहात. त्या गाडीशी तुमचा संबंध बांधकामाच्या धुळीपुरता.

तयारी बातमी आली त्याच दिवशी सुरू करा; रूळ पडायची वाट पाहणारे फसतात. गाडीला दहा वर्षं लागोत, जमिनीचा भाव नकाशावर टिंब पडताच सुटतो आणि मधल्या कुठल्याच स्टेशनात थांबत नाही. रस्त्यात तिपाई रोवून एक डोळा मिटलेला सर्वेक्षक दिसला, की त्याच्या दुर्बिणीचं तोंड कुणाच्या दाराकडे आहे तेवढं बघून ठेवा.

मग एजंट येईल. तुमच्या दारापासून होऊ घातलेल्या जिन्यापर्यंत तो मोबाइलवर वेळ लावून चालेल. तुम्हाला अकरा मिनिटं लागतात, जाहिरातीत पाच छापली जातील. वाद घालू नका. एजंटच्या पाच मिनिटांत सिग्नल लागत नाही, चढ नसतो आणि हातात पिशवी तर कधीच नसते. जाहिरात मात्र जपून ठेवा. तुमच्या खोलीचं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

घरमालकावर रागावू नका. बिचाऱ्यानं काय केलं? काहीच नाही, तीच तर कमाल! बोगदा सरकारी पैशानं खणला, कर तुम्हीही भरलात, भाव चढला त्याच्या भिंतींचा. हाँगकाँगची मेट्रो कंपनी स्टेशनालगतच्या जमिनीचे हक्क रेल्वे येण्याआधीच्या भावानं घेते, विकासकांकरवी वर इमारती उठवते आणि नफ्यातला वाटा रुळांसाठी वापरते. असलं काही सभेत बोलू नका, विकासविरोधी ठराल. (घरं तिथंही स्वस्त नाहीत, तेव्हा फार हुरळूनही जाऊ नका.)

आणि वाढलेलं भाडं परवडेना म्हणून घर सोडावं लागलं, तर त्याला हुसकावणं म्हणू नका. लंडनच्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग शिरताना पाहून समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये ‘जेंट्रिफिकेशन’ असा खानदानी शब्द काढून ठेवलाय, तो वापरा. सामान टेम्पोत चढवताना भारदस्त वाटतं.

वॉशिंग्टनच्या कोलंबिया हाइट्समध्ये १९६८ च्या दंगलीत जळालेल्या कित्येक जागा तीसेक वर्षं ओस होत्या. १९९९ मध्ये स्टेशन उघडलं. दुकानं आली, नव्या इमारती आल्या, मागोमाग भाडीही चढली. तुमच्याकडे वेगळं का व्हावं?

तुमच्या जागी येणाऱ्यांकडे बहुधा स्वतःची गाडी असेल. स्टेशन त्यांना लागतं ते पुढे घर विकताना सांगायला.

तुम्ही शेवटच्या स्टेशनाच्याही पलीकडे राहायला जाल. तिथून बसनं स्टेशन गाठायचं, मग मेट्रो. जुनी वस्ती रोज अर्धा मिनिट दारातून दिसेल. वर्षभरात नव्या शेजाऱ्यांचा अर्ज फिरेल, मेट्रो इथपर्यंत वाढवा म्हणून. सही जरूर करा. पत्ता तेवढा पेन्सिलीनं लिहा.