दोन हजार द्या, हिशेब मागू नका

कर्नाटक सरकार गृहलक्ष्मी योजनेत घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजार देतं, त्यावरून परत वाद सुरू झालाय. सरकार लोकांना फुकटची सवय लावतंय, बायका त्या पैशातनं साड्या आणि मोबाईल घेतात, त्यापेक्षा धान्य द्या नाहीतर बंद करा, असं आपल्या बेळगावातलेच चांगले शिकलेले लोक लिहितायत. मला हे अजिबात पटत नाही.

वडगाव, खासबागमध्ये ज्यांच्या घरी माग आहे त्यांना विचारा. सुताचा दर चढला, साडीला गिऱ्हाईक नसलं की माग बंद, आणि माग बंद म्हणजे कांड्या भरणाऱ्या (मागासाठी सूत गुंडाळून देणाऱ्या) बाईची मजुरी पण बंद. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, त्यांच्याकडं दर आठवड्याला वसुलीवाला यायचा आणि हप्ता हातात पडेपर्यंत कट्ट्यावरनं उठायचा नाही. मायक्रोफायनान्सचं, बायकांच्या गटाला मिळून दिलेलं कर्ज, त्यामुळं एकीनं थकवलं की बाकीच्यांच्या डोक्यावर, मग शेजारणीच दारात येऊन भांडायच्या. एक फेडायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. आता कागदावर बघितलं तर सगळं काकूंच्या मर्जीनं झालंय, सही त्यांचीच आहे. पण घरात पीठ नाही म्हणून केलेल्या सहीला मर्जी म्हणायचं?

रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे की वर्षाला ३ लाखापर्यंत कमाई असलेल्या घरावर सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. काकूंच्या घरी हे तपासायला कोण आलं नाही. राज्यात अशा वसुलीच्या जाचानं लोकांनी जीव दिल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम आला, धाकदपटशानं वसुली केली तर १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. तेव्हा पण काहीजण म्हणाले, दोघांच्या व्यवहारात सरकारचं काय काम? काम आहे की! एकाच्या हातात पैसा आणि दुसऱ्याच्या पोटात भूक असली तर तो बरोबरीचा व्यवहार नसतो, अशा वेळी सरकार बाजूला राहिलं तर ते पैसेवाल्याच्या बाजूनं राहिलं असंच होतं.

पण म्हणून सरकारनं घरात शिरून काय खावं, कशावर खर्च करावा हे पण सांगू नये, आणि ही गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. अन्नभाग्य या रेशनच्या तांदळाच्या योजनेचंच बघा, जुलै २०२३ पासून जादा ५ किलो तांदळाऐवजी माणशी १७० रुपये मिळायचे, त्यात कोण ज्वारी घ्यायचं, कोण तेल, कोण पोराच्या औषधाला वापरायचं. ज्याचं घर त्याला कळतं. बायकांना सरकारी बस फुकट झाली ११ जून २०२३ ला, खानापूरकडच्या बायका आता नवऱ्याकडं तिकिटाला पैसे न मागता बेळगावला कामाला, दवाखान्याला येतात, यात सवय बिघडली असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी एकदा सकाळच्या बसमध्ये उभं राहून यावं. आणि साडी घेतली तर घेतली, वर्षभर मागावर साड्यांच्या कांड्या भरणाऱ्या बाईनं स्वतःला एक घेऊ नये का?

खर्चाचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळत नाही. २०२५-२६ च्या बजेटमध्ये गृहलक्ष्मी, अन्नभाग्य, फुकट बस धरून सरकारच्या पाच गॅरंटी योजनांना ५१ हजार कोटींच्या वर रक्कम ठेवली होती, रस्त्यांना आणि शाळांना कात्री लागते हे दिसतंच. इन्कम टॅक्स, जीएसटी भरणारी घरं गृहलक्ष्मीतनं आधीच वगळलीयत, अजून चाळणी लावायची तर लावा, पण गरीब बाईला तलाठी ऑफिसचे हेलपाटे घालायला लावून नको. पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला लाडकी बहीणचे दीड हजार सुरू झाले तिथं पण हीच भांडणं, म्हणजे हा काय एका पक्षाचा प्रश्न नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. गृहलक्ष्मीचा हप्ता वेळेवर येत नाही. दोन-तीन महिने लांबला की काकू परत त्याच वसुलीवाल्याकडं जातात, कारण पोरीची फी थांबत नाही आणि वाणी पण थांबत नाही. नंतर एकदम चार हजार आले तरी तोवर व्याज चढलेलं असतं. पगारवाल्याला एक तारीख माहीत असते, मग हिला का नको? महिन्याची एक तारीख ठरवा, पंचायतीच्या बोर्डावर कन्नडसोबत मराठीत पण लावा, आणि उशीर झाला तर कधी येणार ते त्याच बोर्डावर लिहा. आमच्या भागातल्या आमदारांनी अधिवेशनात एवढं तरी मागावं. ज्यांच्या घरी हप्ता अडकलाय त्यांनी खाली गावाचं नाव आणि कुठल्या महिन्याचा राहिलाय ते लिहा, एकत्र करून निवेदन देऊ.