पुनर्रचना म्हणे!

उद्योजकांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थांचं एक कळत नाही. कात्री लागली की पहिला बळी नेहमी खालच्या कार्यालयांचा आणि समोर बसून अर्ज समजावणाऱ्या माणसाचाच का? वरचे सल्लागार, लोगो, घोषवाक्यं सगळं शाबूत! आणि नाव काय, तर 'पुनर्रचना'. अहो, कपात म्हणा ना सरळ.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनाने तब्बल ४३ टक्के, म्हणजे सुमारे २,७०० पदं कमी करणार म्हणून जाहीर केलं. सोबत आश्वासन होतंच, की सेवेवर परिणाम होणार नाही. हे वाक्य बहुधा छापूनच ठेवलेलं असतं.

कर्जहमीची फाइल कुठल्या कागदावाचून अडते, बँक नेमकी कशावर बोट ठेवते, हे वीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसालाच ठाऊक असतं. तो गेला की ते ज्ञानही गेलं. मग उरतं पोर्टल. 'आपली तक्रार नोंदवली आहे.' आठवडाभराने पुन्हा तेच. हेल्पलाइनवर संगीत मात्र छान वाजतं हं! आणि दोन वर्षांनी हेच लोक विचारणार, योजनेला प्रतिसाद का नाही?