‘गाडीत कुठली बंदूक ठेवावी?’ या मेसेजला उत्तर

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय: स्वसंरक्षणासाठी गाडीत कुठली बंदूक ठेवावी. तो माझ्या भाच्याकडेही पोचला आणि त्याने मला विचारलं, “मावशी, यातलं कुठलं घेऊ?” भाचा टेक्सासमध्ये डॅलसला असतो. एच-वन-बी व्हिसावर आहे, ऑफिसातून रात्री उशिरा घरी येतो आणि त्याच्या गाडीत मागे तीन वर्षांच्या लेकीची कार सीट आहे. अशा माणसाच्या बाबतीत त्या मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक सल्ला मुळावर उठणारा आहे. म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: टेक्सासमध्ये गाडीत पिस्तूल ठेवायला परमिट लागत नाही, तेव्हा व्हिसाचा प्रश्नच येत नाही. दुकानदार खळखळ करत असेल तर ओळखीच्या माणसाकडून घ्या. पिस्तूल भरलेलंच ठेवा, ग्लव्ह बॉक्समध्ये नाहीतर ड्रायव्हरच्या सीटखाली. जागा असेल तर मागे शॉटगन ठेवा, नळी लांब वाटली तर कापून घ्या. उन्हात गोळ्या निकामी होतात, म्हणून सारख्या बदलत राहा. एका राज्यात चालतं ते सगळीकडे चालतं. आणि झाडायची वेळ येतच नाही, नुसती दाखवली की समोरचा पळतो.

मी बंदुकीच्या नावाने बोटं मोडणारी नाही. आमच्याकडे घरात बंदूक आहे, तिजोरीत आहे, नवरा नियमाने रेंजवर जातो. त्यामुळे ‘हिला काय कळतंय’ हे उत्तर कृपा करून देऊ नका.

आधी व्हिसा, कारण सगळ्यात घातक थाप तीच आहे. टेक्सासमध्ये स्वतःच्या गाडीत पिस्तूल ठेवायला परमिट लागत नाही हे खरं आहे. २००७ पासून तसंच आहे, आणि २०२१ मध्ये तर अंगावर बाळगण्यासाठीचीही परमिटची अट गेली. पण हा झाला राज्याचा कायदा. बंदूक मुळात कोणी जवळ बाळगायचीच नाही, हे फेडरल, म्हणजे देशपातळीवरचा कायदा ठरवतो. त्यातलं कलम ९२२(जी)(५) सांगतं की नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा गुन्हा आहे. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन सगळे त्यात आले. बंदूक नसली आणि नुसती काडतुसं सापडली तरी गुन्हा होतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कमाल शिक्षा दहा वर्षांवरून पंधरा वर्षांवर गेली आहे. टेक्सासने परमिट काढून टाकलं म्हणून या कलमाचा एक शब्दही हलत नाही.

‘ओळखीच्या माणसाकडून घ्या’ हा सल्ला तर संतापजनक आहे. दुकानात बंदूक घेताना फॉर्म ४४७३ हा फेडरल फॉर्म भरावा लागतो आणि त्यात नॉनइमिग्रंट व्हिसाबद्दल सरळ प्रश्न छापलेला आहे. दुकानदार खळखळ करतो ती त्यासाठीच. खाजगी व्यवहारात टेक्सासमध्ये तो फॉर्म लागत नाही, एवढं खरं. पण गुन्हा फॉर्ममुळे होत नाही, बंदूक ताब्यात असण्याने होतो. शिवाय तुमचा व्हिसा माहीत असताना ज्या मित्राने ती तुम्हाला विकली तोही ९२२(डी)खाली गुन्हेगार ठरतो. आणि ‘ताबा’ म्हणजे पावतीवरचं नाव नव्हे. मित्राच्या नावावरची बंदूक तुमच्या गाडीत, तुमच्या माहितीने, तुमच्या हाताशी पडून असेल तर तोही तुमचा ताबा धरला जाऊ शकतो.

बंदुकीच्या अशा गुन्ह्यात दोषी ठरलात की इमिग्रेशन कायद्यानुसार देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण होतं. ग्रीन कार्डवाल्यांनाही ते लागू आहे. वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून मिळवलेलं सगळं एका फॉरवर्डपायी घालवायचं?

इथे एक अर्धसत्य मान्य करावंच लागेल, कारण मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणीतरी ते नक्की तोंडावर फेकेल. या बंदीला अपवाद आहेत. त्यातला सगळ्यात माहितीचा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. तो असेल तर नॉनइमिग्रंट व्हिसावरचा माणूसही बंदूक घेऊ शकतो, आणि काही जण या वाटेने घेतातही. पण मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षरही नाही. शिवाय परवाना चालू असेपर्यंतच अपवाद चालू. टेक्सासचे नेहमीचे शिकार परवाने कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतात. नूतनीकरण विसरलात तर १ सप्टेंबरच्या सकाळी तीच बंदूक, त्याच गाडीत, फेडरल गुन्हा झालेली असते. ज्यांना हा मार्ग धरायचा असेल त्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाला पैसे मोजावेत. ग्रुपवर विचारू नये.

आता सीटखाली भरलेलं पिस्तूल. एप्रिल २०१६, मिलवॉकी. सव्वीस वर्षांची एक आई गाडी चालवत होती. गाडी तिच्या मित्राची, तो सुरक्षारक्षक. त्याचं पिस्तूल ड्रायव्हरच्या सीटखालून घसरत मागे गेलं, मागे बसलेल्या तिच्या दोन वर्षांच्या मुलाने ते उचललं, आणि गोळी सीटच्या पाठीतून तिला लागली. ती वाचली नाही. त्याच्या सुमारे दीड महिना आधी फ्लोरिडात अगदी असंच झालं होतं: पुढच्या सीटखालून मागे घसरलेलं .४५ चं पिस्तूल, चार वर्षांचा मुलगा, आईच्या पाठीत गोळी. ती वाचली. सोशल मीडियावर बंदुकीचा जोरदार पुरस्कार करणारी बाई होती ती, बंदुकीला नवखी नव्हती.

सीटखाली काय असतं ते एकदा वाकून बघा. गुळगुळीत कार्पेट, सीट पुढेमागे सरकवायचे रूळ, वायरी आणि मागच्या बाजूला मोकळी फट. जोरात ब्रेक मारला की पाण्याची बाटली तिथून कशी गडगडत येते हे प्रत्येकाने पाहिलंय. पिस्तूलही तसंच घरंगळतं आणि थांबतं ते मागे बसलेल्या पोराच्या पायाशी. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो वेगळा गुन्हाही आहे, पण खरं सांगायचं तर तीन वर्षांच्या मुलीच्या बापाला हे पटवायला कायदा लागू नये.

आणि मूल गाडीत नसतं तेव्हा? गाडी रात्रभर अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभी असते. बंदूक-नियंत्रणाची बाजू घेणाऱ्या एव्हरीटाउन संस्थेने एफबीआयकडे आलेले पोलिसांचे आकडे तपासले. संस्थेचा कल कुठे आहे हे मला माहीत आहे, पण आकडे पोलिसांत नोंदलेल्या चोऱ्यांचे आहेत. २०२२ मध्ये ३३७ शहरांत मिळून सुमारे १ लाख १२ हजार बंदुका चोरीला गेल्या. त्यातल्या जवळपास ६२ हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त, गाड्यांमधून गेल्या. सरासरी दर नऊ मिनिटांना एक. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास होतं. काच फुटायला काही सेकंद लागतात, आणि चोर आधी हात घालतो तो ग्लव्ह बॉक्समध्ये, मग पुढच्या दोन सीटांमधल्या कप्प्यात (कन्सोलमध्ये), मग सीटखाली. मेसेजने सुचवलेल्या जागा याच. बंपरवर पिस्तुलाच्या कंपनीचा स्टिकर लावला असेल तर कुठल्या गाडीची काच फोडायची हेही त्याला शोधावं लागत नाही.

‘मी काळजी घेतो’ म्हणणाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचं प्रकरण आठवावं. जून २०१५ मध्ये ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या एका रेंजरच्या खाजगी गाडीतून त्याचं पिस्तूल चोरीला गेलं. तो प्रशिक्षित फेडरल अधिकारी होता. चारच दिवसांनी त्याच पिस्तुलातून सुटलेली गोळी धक्क्याच्या काँक्रीटवर आपटून उसळली आणि वडिलांबरोबर फिरायला आलेली एक तरुणी त्यात गेली. कुठलं मॉडेल, कुठला बोर यावर मेसेजमध्ये परिच्छेदच्या परिच्छेद आहेत. रेंजरचं पिस्तूल उत्तम कंपनीचं होतं. गाडीतून चोरीला जाताना त्याचा काय उपयोग झाला?

ग्लव्ह बॉक्सबद्दल आणखी एक, कारण याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. गाडीचे कागद आपण कुठे ठेवतो? पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली, खिडकीशी येऊन रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स मागितला, तुम्ही वाकून ग्लव्ह बॉक्स उघडला आणि कागदांच्या वर पिस्तूल. त्याचा हात कुठे जाईल? जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात शाळेच्या किचनमध्ये काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाने पोलिसाला स्वतःहून, शांतपणे सांगितलं की माझ्याजवळ बंदूक आहे. त्याच्याकडे रीतसर परमिट होतं. काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. शेजारी मैत्रीण आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी होती. पोलिस पुढे निर्दोष सुटला. आपला रंग गोरा नाही हे विसरून चालणार नाही.

‘एका राज्यात चालतं ते सगळीकडे’ हे तर साफ खोटं. राज्या-राज्यांतून बंदूक नेण्याला संरक्षण देणारा फेडरल कायदा आहे, १९८६ चा, कलम ९२६ए. निघालात ते ठिकाण आणि पोचणार ते ठिकाण, दोन्हीकडे ती बाळगणं तुम्हाला कायदेशीर असलं पाहिजे. बंदूक रिकामी हवी आणि गाडीत बसून हात पोचणार नाही अशी हवी. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत. आणि ग्लव्ह बॉक्स किंवा कन्सोल कुलूपबंद पेटी म्हणून चालणार नाही, असं त्या कलमात स्पष्ट शब्दांत लिहिलंय. म्हणजे मेसेजचा लाडका कप्पा कायद्याने नाव घेऊन वगळला आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई पेनसिल्व्हेनियाचं परमिट घेऊन न्यू जर्सीत शिरली, तपासणीत पोलिसाला तिने आपणहून बंदुकीबद्दल सांगितलं आणि तिला अटक झाली. साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार होती. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शॉटगनची नळी कापण्यावर फार शब्द घालवत नाही. अठरा इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन नोंदणीशिवाय बनवणं हा १९३४ च्या कायद्यापासून फेडरल गुन्हा आहे. २०२६ पासून त्यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, नोंदणी आणि आधीची मंजुरी तशीच आहे. उन्हाचं म्हणणं थोडंफार बरोबर: गाडीतली उष्णता आणि दमटपणा बंदुकीला आणि गोळ्यांना चांगला नाही. ते बंदूक गाडीत न ठेवण्याचं कारण झालं.

राहिलं ‘नुसती दाखवा’. टेक्सासमध्ये लोकांना घाबरवण्यासाठी बंदूक दाखवणं गुन्हा आहे आणि कोणाच्या दिशेने रोखणं त्याहून मोठा. आणि गाडीत बंदूक असली की माणूस सबुरीने वागतो, असंही नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २००६ मध्ये सुमारे २,४०० चालकांची पाहणी प्रसिद्ध केली. वर्षभरात कधी तरी गाडीत बंदूक ठेवलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी इतर चालकांना अश्लील हातवारे केल्याचं कबूल केलं, बाकीच्यांत १६ टक्क्यांनी. संतापून कोणाच्या मागे गाडी लावणारे १४ विरुद्ध ८ टक्के. बंदुकीमुळे माणूस तापट झाला की तापट माणसं बंदूक ठेवतात, हे यातून सिद्ध होत नाही. पण ‘बंदूक असली की भांडण टळतं’ हा दावा मात्र यातून उभा राहत नाही.

रात्री एकट्याने परतताना भीती वाटते, हे मी हसण्यावारी नेत नाही. पण गाडीत बसलेल्या माणसाकडे पहिला उपाय गाडीच असते. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवा, म्हणजे गाडी वळवून बाहेर पडता येतं. दारं बंद, काचा वर. कोणी मागे लागलं तर घरी जाऊ नका, ९११ लावा आणि उजेडाच्या, माणसं असलेल्या जागी गाडी घ्या. कोणी नुसती गाडीच मागत असेल तर देऊन टाका.

ज्यांना कायद्याने बंदूक बाळगता येते आणि बाळगायचीच आहे, त्यांनी शिकून घेऊन ती अंगावर, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये ठेवावी. आत नेता येत नाही अशा ठिकाणी गाडीत सोडावीच लागली तर सीटच्या लोखंडी सांगाड्याला स्टीलच्या केबलने जखडलेल्या कुलूपबंद पेटीत, तेही तेवढ्या वेळापुरती. रात्री ती घरात आलीच पाहिजे. आणि तिचा सिरियल नंबर गाडीत नव्हे, घरी लिहून ठेवा. चोरीची तक्रार देताना पोलिस पहिल्यांदा तोच विचारतात.