‘खेडवळ अडाणीपणा’ म्हणणाऱ्या वाचकाला

शेवटच्या पाळीवरून बाळंतपणाची तारीख कशी काढायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. ‘सोनोग्राफी असताना पाळीच्या तारखेला चिकटून बसणं हा खेडवळ अडाणीपणा आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. मत वेगळं असू द्या. पण ‘खेडवळ’ कशासाठी? आणि अडाणी कोण, मी की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या त्या बायका, ज्यांच्या दारात मी नर्स म्हणून अठरा वर्षं गेले?

एक चूक मान्य करते. नऊ आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत पाळीच्या हिशेबापेक्षा पाच दिवसांहून जास्त फरक आला तर बाळंतपणाची तारीख बदलतात. सात दिवसांची सवलत त्यानंतर, चौदावा आठवडा संपेपर्यंत. मी लेखात सरसकट सात लिहिलं होतं.

आता तुमचं ते वाक्य. सोनोग्राफी म्हणजे कुठली? पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, तिच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही, हे लेखातही होतं. तुम्ही तेवढं वाचायचं टाळलंत. पण कणकुंबीकडच्या वाडीतली बाई पावसात तिसऱ्या महिन्यात बेळगावला पोचतेच असं नाही. ती येते सातव्या-आठव्यात. तोवर प्रत्येक बाळाची वाढ वेगळी झालेली असते, आणि हिशेब तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतो.

माझ्या सख्ख्या बहिणीचंच सांगते. तिची पाळी दर महिन्याला ठरल्या दिवशी यायची. शेवटची आली ती नागपंचमीच्या आदल्या दिवशी. लाह्या भाजायला बसता आलं नाही म्हणून तिच्या पक्कं लक्षात होतं. पस्तिसाव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी झाली, रिपोर्टवर बत्तीस आले. डॉक्टरांनी तायी कार्डावरची, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या नोंदीच्या कार्डावरची, बाळंतपणाची तारीख खोडून तीन आठवडे पुढची घातली. ‘बाळ लहान आहे, दिवस कमी आहेत,’ म्हणाले. दिवस पुरे होते. बाळाची वाढ खुंटली होती, आणि नव्या तारखेमुळे तिकडे कुणी बघितलंच नाही. तीन आठवड्यांनी बाळंत झाली. पोर एक किलो नऊशे ग्रॅम. मी तळपाय उलटून पाहिला, रेषा थेट टाचेपर्यंत. दिवस भरलेल्या बाळाच्या असतात तशा. त्या दिवशी मी रडले ते रागानं.

म्हणून मी बाईला विचारते, भाताच्या लावणीआधी की नंतर? गणपती घरात होते का? अंगावर पाजताना पाळी न येताच दिवस गेले का? तसं असेल तर पाळीचा हिशेब मीसुद्धा धरत नाही. विचारायला दहा मिनिटं लागतात. याला चिकटून बसणं म्हणत नाहीत.

टेपनं पोटाची उंची मोजण्यावर तुम्ही जे लांबलचक लिहिलंत, त्याला उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

पाच दिवसांची दुरुस्ती लेखात केली आहे. ‘खेडवळ’ हा शब्द तुम्ही मागे घ्या, मग पुढचं बोलू.