अडकित्त्यातली सुपारी

डिसेंबरातली सकाळ, पावणेसातची वेळ, गंगापूर रोडचा सिग्नल. लाल दिवा लागला, मी ब्रेक दाबले, सायकल शहाण्यासारखी थांबली आणि मी त्या थांबलेल्या सायकलीसकट डावीकडे कलंडलो. सावकाश. पडायला इतका वेळ लागला की वाटेत समोरच्या फुटपाथवरच्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी मान हलवून नमस्कारही केला.

"काका, पाय टेका ना!" रिक्षावाला ओरडला.

पाय टेकता येत असता तर पडलो कशाला असतो? पण हे आडवं पडून समजावणं अवघड असतं. एक पोरगा धावत आला आणि त्यानं सायकल उचलली. सायकलीबरोबर मीही थोडा उचललो गेलो. दुधाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं बाई, पाय बांधलेत की काय यांचे?" शेवटी रिक्षावालाच खाली बसला, बुटाचा पट्टा सोडला आणि माझा पाय बुटातून उपसून काढला. बूट पेडललाच राहिला. मी एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत सायकल ढकलत घरी आलो. शेजारी तो रिकामा बूट पेडलवर तसाच डोलत होता, जणू अदृश्य माणूस डाव्या पायानं सायकल चालवतोय. 2015 साली ज्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत, म्हणजे सुमारे 4800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत पार केली, त्याच नाशिकची ही गोष्ट.

ही पेडलं मुलानं दिली. पुण्याला जाताना त्यानं आपली डोंगरात चालवायची सायकल आणि बूट माझ्या गळ्यात मारले. "बाबा, ही क्लिपलेस पेडलं आहेत."

"म्हणजे यांना क्लिप नाही?"

"नाही."

"मग पाय अडकतो कशात?"

"क्लिपमध्येच. म्हणजे तशी नाही. जाऊ द्या."

जाऊ दिलं असतं, पण नाव फार छळायला लागलं, म्हणून शोधलं. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलवर बोटं घालायला एक पिंजरा असायचा आणि वर पट्टा. त्या पिंजऱ्याचं नाव टो क्लिप. लूक या फ्रेंच कंपनीनं 1984 मध्ये पिंजरा काढून बुटाचा तळवाच पेडलमध्ये अडकवायची सोय केली आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो त्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकला. पिंजरा गेला म्हणून क्लिपलेस. 1990 मध्ये शिमानो या जपानी कंपनीनं डोंगरवाल्यांसाठी लहान पेडल आणलं, ज्याचा बूट घालून माणसासारखं चालताही येतं. बुटाच्या तळव्याला दोन बोल्टांनी एक लोखंडी पट्टी बसवलेली असते, तिला क्लीट म्हणतात. पाय ठेवला की पेडलचा स्प्रिंगवाला जबडा ती पट्टी खट्‌कन धरतो. सुटायचं असेल तर टाच बाहेर फिरवायची. थोडक्यात, पेडल हा अडकित्ता आणि आपण सुपारी.

आता अडकित्त्याची निगा आमच्या आजी रोज करायच्या, फडक्यानं पुसून. मी पेडलची निगा जूनपासून डिसेंबरपर्यंत तीन प्रकारे केली आणि तिन्ही चुकीच्या.

पहिली म्हणजे धुणं. पावसाळ्यात मी गिरणाऱ्याच्या बाजूला शेतरस्त्यांनी फिरायचो. तिथली काळी माती एकदा लागली की नात्यातली होते. आपल्याकडे गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात: गुडघ्यापर्यंत आला, छातीपर्यंत आला. तसा मी चिखल पेडलवरून मोजायचो आणि ऑगस्टभर पेडल गळ्यापर्यंत बुडालेलं. परतताना वॉशिंग सेंटरवर 50 रुपये देऊन प्रेशरचा पाइप थेट पेडलच्या आसावर धरायला सांगायचो, हौसेनं. लख्ख व्हायचं. पण तो फवारा सील ओलांडून पाणी आत घालतो आणि ग्रीस बाहेर काढतो, हे कुणी सांगावं? साधी बादली, जुना टूथब्रश आणि फडकं पुरलं असतं, तेही फुकटात.

दुसरी, चालणं. बूट घालून चालता येतं म्हटल्यावर मी ते घालून पांडवलेण्यावर चढलो. एक नव्हे, पाच-सहा रविवार. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली लेणी पाहायला खट्‌ खट्‌ करत जाताना पर्यटक वळून बघायचे, ते मला आवडायचं. बेसाल्टच्या पायऱ्यांना काही झालं नाही. क्लीट मात्र झिजून चतकोर झाली.

तिसरी, तेल. ऑक्टोबरात पेडल कुईं कुईं करायला लागलं. आधी मला माझा गुडघा वाटला. मग सीट वाटली. उभं राहून चालवली, तरी कुईं. एकाच पायानं चालवली, तेव्हा डावं पेडल सापडलं. मुलगा फोनवर म्हणाला, "स्प्रिंगवर तेलाचा थेंब टाका, वरचं पुसून घ्या." कुठलं तेल हे त्यानं सांगितलं नाही आणि बाथरूममध्ये खोबरेल होतं. ऑक्टोबर हीटमध्ये झकास चाललं. सुवासही यायचा. पण खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं आणि त्या डिसेंबरच्या सकाळी नाशिकचा पारा 9 वर होता. जबड्यात खोबरेल आणि धूळ यांची वडी पडली होती.

एवढ्यानं मी पडलो नसतो म्हणे. बूट उलटा करून पाहिला तेव्हा खरा गुन्हेगार सापडला: क्लीटच्या दोन बोल्टांपैकी एक गायब. एकाच बोल्टवर क्लीट राहिली की टाच फिरवल्यावर ती पेडलमधून सुटत नाही, बुटाखाली नुसती गरगर फिरते. बोल्ट कधी आवळून पाहिले होते का, असं मुलानं विचारलं. आवळायचे असतात हेच मला माहीत नव्हतं.

"चारची एलन की घ्या. बोल्टला ग्रीस लावा. पाच-सहा न्यूटन मीटरला टाइट करा."

"म्हणजे किती?"

"दात-ओठ न खाता जेवढं जोरात होईल तेवढं."

नवी क्लीट बसवली, पण कुईं काही जाईना. मग पेडल खोलायचं ठरलं. 15 चा पाना लावून मी डावं पेडल अर्धा तास सोडवत होतो. प्रत्यक्षात अर्धा तास आवळत होतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. साधे असते तर पायडल मारता मारताच ते सुटून आलं असतं. पाना वर धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंचं पेडल सुटतं, एवढं लक्षात ठेवायचं. आणि उजवीकडचं काढताना चेन पुढच्या मोठ्या दात्यांवर चढवून ठेवायची. मी ठेवली नव्हती. पाना सुटला आणि हाताची चार बोटं दात्यांवर गेली. ही आतून म्हणाली, "अहो, शब्द जरा जपून. खिडकी उघडी आहे."

पेडलच्या पोटातला आस काढायला प्लास्टिकचं खाचांचं कडं लागतं. ते आणलं. तेव्हा कळलं की आतले आटे पुन्हा उलटे आहेत. म्हणजे डावं पेडल क्रँकवर, म्हणजे ते ज्या दांड्यावर बसतं त्यावर, उलटं पण आत सुलटं, उजवं क्रँकवर सुलटं पण आत उलटं. हे ज्यानं ठरवलं त्याला सुना दोन असणार.

आस बाहेर आला तो गंजाच्या पाण्यासकट. कोन, म्हणजे छर्रे जागेवर धरणारा शंकूसारखा नट, सैल केला आणि छर्रे सांडले. साबुदाण्याएवढे, चकचकीत, बाल्कनीभर. फ्रिजवरचं मॅग्नेट दोऱ्याला बांधून मी फरशीवर गोवऱ्या वेचल्यासारखा वेचत बसलो. एका ओळीत 12 भरले. दुसऱ्या ओळीत 11.

रविवार कारंजाजवळच्या जुन्या सायकलवाल्याकडे गेलो. त्यानं छर्रा तळहातावर घेऊन डोळ्याजवळ नेला. "काका, आपल्या पेडलात याच्यापेक्षा मोठा असतो. हा सातपूरला बेरिंगवाल्याकडे बघा. आणि एक नका आणू. जुन्यात नवा टाकला की सगळा भार नव्यावर. अख्खा सेट बदला."

सातपूरला मिळाले. रॉकेलमध्ये छर्र्यांच्या वाट्या धुतल्या, नवं ग्रीस भरलं, छर्रे चिमट्यानं एकेक लावले. कोन थोडा जास्त आवळला की पेडल करकरतं, थोडा कमी आवळला की डुगडुगतं. या दोन थोड्यांच्या मधली जागा सापडायला एक शनिवार गेला. कुईं थांबली.

तो बारावा छर्रा मात्र आजवर सापडलेला नाही. त्या दिवशी बाल्कनीत साबुदाण्याचं पातेलं निथळत ठेवलेलं होतं, ही माझी चूक नव्हती, पण खिचडी त्या दिवशी झाली नाही. तेव्हापासून दर एकादशीच्या आदल्या रात्री ही साबुदाणा परातीत पसरते आणि त्यावरून फ्रिजचं मॅग्नेट फिरवते. दोनदा.